परसातली कर्मशाळा

'कार्यशाळा' म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना आज काय आठवते? एक सभागृह, हातात ठेवलेली फाइल आणि पेन, अकरा वाजता चहा-बिस्किटे, आणि संध्याकाळी प्रमाणपत्र. दिवसभरात हाताला तेल लागत नाही की कपड्यांना लाकडाचा भुसा चिकटत नाही. म्हणून या लेखापुरता मी 'कर्मशाळा' हा शब्द वापरणार आहे. जिथे मोडलेली वस्तू येते आणि दुरुस्त होऊन परत जाते, जिथे नसलेली वस्तू तयार होते, ती जागा.

निमित्त खराडीचे. नगर रस्त्यावरचे हे गाव १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आले. पूर्वी जिथे शेते होती तिथे आता माहिती तंत्रज्ञानाच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. तिथल्या एका शाळेच्या मागे पत्र्याची एक शेड आहे, बारा फूट रुंद आणि वीस फूट लांब. पूर्वी तिथे मुलांच्या सायकली लावत. आता मुले रिक्षाने आणि व्हॅनने येतात, त्यामुळे शेड रिकामी पडली आहे. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंच्या मनात आले की इथे मुलांसाठी कर्मशाळा करावी. त्यांनी मला बोलावले आणि पहिलेच वाक्य उच्चारले, "सर, यादी द्या. काय काय घ्यायचे?"

यादी मी दिली नाही. मी ज्या शाळेत नोकरी केली, तिथे अशी यादी एकदा झाली होती. अनुदान आले, हत्यारांच्या चार पेट्या आल्या, त्यांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये झाली आणि पेट्यांना कुलूप लागले. एखादी कानस हरवली तर तिची किंमत आपल्या पगारातून कापतील, ही भीती प्रत्येक शिक्षकाला होती, आणि ती खोटी नव्हती. वर्षातून एकदा मोजदाद व्हायची. दरवर्षी सगळी हत्यारे बरोबर भरायची, कारण ती कुणी वापरलेलीच नसायची.

तेव्हा यादीऐवजी मी बाईंना काही जुन्या कर्मशाळांच्या गोष्टी सांगितल्या. त्याच इथे थोड्या विस्ताराने देतो.

गावगाड्यातल्या लोहारापासून आणि सुतारापासून सुरुवात करू या. दोघेही बलुतेदार, दोघांचेही काम शेतकऱ्याच्या अवजाराशी निगडित, आणि दोघांचीही कामाची जागा बहुधा घराला लागून. पण लोहारसाळ आणि सुतारमेट यांत एक फरक असे. सुतार झाडाखाली किंवा उघड्या पडवीत बसे. लोहारसाळ मात्र अंधारी. ही लोहाराची गरिबी नव्हे, त्यामागे पदार्थविज्ञान आहे. तापलेल्या लोखंडाचे तापमान लोहार त्याच्या रंगावरून ओळखतो. साधारण ७५० ते ८०० अंश सेल्सिअसला ते चेरीसारखे लाल दिसते, ९५० च्या आसपास नारिंगी, आणि ११०० च्या पुढे पिवळे. भर उन्हात हा लाल रंग नीट दिसतच नाही. मग विळा कधी ठोकायचा आणि त्याला पाणी कधी पाजायचे, हे कसे कळणार? उलट सुताराला गुण्या लावून काटकोन पाहायचा असतो, रेघेवर करवत चालवायची असते. त्याला प्रकाश हवाच. एकाच गावातल्या या दोन जागांचा 'आराखडा' कुणी कागदावर काढला नव्हता, पण तो कामावरून ठरलेला होता.

या दोघांबरोबर एक तिसरा कारागीर असे, कातारी. तो चरकावर लाकूड फिरवून पाळण्याचे खूर, लाटणी, खेळणी कातत असे. हिंदीत आणि गुजरातीत या कारागिराला 'खरादी' म्हणतात. खराडीत बसून हे सांगताना बाईंचे डोळे चमकले. पण उच्चार जवळचा म्हणून व्युत्पत्तीही जवळची ठरत नाही, तेव्हा तो मोह आवरू आणि पुढे जाऊ.

आता बेळगावला जाऊ या. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे लक्षात आले की त्यांना काही रंग ओळखता येत नाहीत. रंगांधत्व असलेल्या माणसाने चित्रकार कसे व्हायचे? मग त्यांनी यांत्रिक रेखाटनाकडे मोर्चा वळवला, जिथे रंग नसतात, फक्त रेषा आणि मापे असतात. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते याच विषयाचे साहाय्यक शिक्षक झाले. संस्थेतली यंत्रे त्यांनी स्वतःच्या हाताने चालवून समजून घेतली. म्हणजे भारतातल्या एका मोठ्या उद्योगाचा मूळपुरुष शाळामास्तर होता. आपल्या वाचकांना हे आवडेल.

बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले. तिथे १८८८ पासून भावाच्या, म्हणजे रामूअण्णांच्या, मदतीने सायकलींचे दुकान चालू होते. सायकल त्या काळी नवलाची आणि महागडी वस्तू होती. ती विकायची तर ती चालवायला शिकवावी लागे, आणि विकल्यावर दुरुस्तीही करून द्यावी लागे.

इथे थोडे थांबू या, कारण याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतल्या डेटन गावात, राइट बंधू हेच करत होते. त्यांनी १८९२ मध्ये सायकलींचा धंदा सुरू केला. दुकानाच्या मागच्या भागात त्यांनी लेथ आणि ड्रिल बसवले. ती यंत्रे चालवायला नैसर्गिक वायूवर चालणारे इंजिनही त्यांनी स्वतःच तयार केले. १९०१ मध्ये याच दुकानात त्यांनी सहा फूट लांबीचा एक वातबोगदा बांधला आणि पंखांचे छोटे नमुने त्यात तपासले. १९०३ मध्ये विमानाला हलके इंजिन कुणी देईना, तेव्हा त्यांचा कारागीर चार्ल्स टेलर याने सहा आठवड्यांत ते याच यंत्रांवर घडवले. व्यवस्थित आराखडे नव्हते. कागदाच्या चिठोऱ्यावर काढलेले एकेका भागाचे चित्र तो आपल्या बाकासमोर खिळ्याला अडकवून ठेवत असे.

आणि त्याच १९०३ मध्ये बेळगावात किर्लोस्करांचा लोखंडी नांगर तयार झाला. एकीकडे आकाशात जाणारे यंत्र, दुसरीकडे जमिनीत जाणारे, आणि दोन्हींची आई सायकल! हा योगायोग आहे, पण निव्वळ योगायोग नाही. सायकलीत बेअरिंग असते, साखळी असते, ताणलेल्या तारांचे चाक असते, पातळ नळ्यांचा सांगाडा असतो. जो माणूस सायकल पूर्ण खोलून पुन्हा जोडू शकतो, त्याला यंत्रशास्त्राची निम्मी बाराखडी आली असे समजायला हरकत नाही. शिवाय ती दुरुस्तीला येते, म्हणजे एखादी गोष्ट कुठे आणि का मोडते याचे शिक्षण ती फुकट देते.

नांगराची गोष्ट अनेकांना माहीत असते, पण तीतला एक भाग सहसा गाळला जातो. लक्ष्मणरावांनी नांगराआधी कडबा कापण्याचे यंत्र केले होते. शेतकऱ्याच्या गोठ्यापासून सुरुवात करून ते शेतात पोहोचले. तरीही नांगर खपेना. लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली असे सांगतात. अशा समजुतीला आपण चटकन 'अंधश्रद्धा' म्हणून मोकळे होतो. मला मात्र वाटते की शेतकऱ्याचा संशय इतकाही वेडा नव्हता. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो बलुत्यावर दुरुस्त करून देई. लोखंडी नांगर मोडला तर कुणाकडे जायचे? या प्रश्नाला उत्तर देणारी कर्मशाळा जवळ असेल तेव्हाच नांगर खपणार.

त्या काळची यंत्रशाळा आतून कशी दिसे, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. आज प्रत्येक यंत्राला स्वतःची विजेची मोटार असते. तेव्हा सगळ्या यंत्रांना मिळून एकच इंजिन असे. छताजवळून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोलादी दांडा जाई. इंजिन हा दांडा फिरवी, दांड्यावर जागोजागी पुल्या असत, आणि प्रत्येक पुलीवरून चामड्याचा पट्टा खाली एकेका यंत्राकडे येई. समजा, दांडा मिनिटाला २०० फेरे घेतो आणि त्यावरची पुली ३० सेंटिमीटर व्यासाची आहे. खाली लेथवर १५ सेंटिमीटरची पुली असेल, तर लेथ मिनिटाला ४०० फेरे घेईल. सायकलीतही हेच गणित आहे, फक्त पट्ट्याऐवजी साखळी आणि व्यासाऐवजी दात.

पण या दांड्याने सगळ्या इमारतीवर हुकूम गाजवला. यंत्रे दांड्याच्या दिशेतच लावायला हवीत. जास्त ताकद लागणारी यंत्रे इंजिनाजवळ हवीत, कारण दांडा जितका लांब तितका तो पिळवटतो. छत उंच आणि भक्कम हवे. पट्ट्यांचे जाळे प्रकाश अडवी, म्हणून खिडक्या मोठ्या हव्यात. आणि धोतराचा सोगा पट्ट्यात गेला तर माणूसच ओढला जाई. विसाव्या शतकात विजेच्या मोटारी आल्या आणि यंत्रे दांड्यापासून मोकळी झाली. आता ती कामाच्या क्रमाने हवी तिथे ठेवता येतात. गंमत अशी की शंभर वर्षे उलटली तरी बहुतेक शाळांच्या तांत्रिक विभागांत यंत्रे भिंतीला ओळीने, जणू डोक्यावर अजून तो दांडा फिरतोय अशीच मांडलेली दिसतात.

बेळगावची जागाही टिकली नाही. शहराच्या वाढीसाठी नवे उपनगर आखले गेले आणि किर्लोस्करांना कारखाना हलवावा लागला. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी दहा हजार रुपये बिनव्याजी दिले आणि कुंडल रोड रेल्वे स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन दिली. निवडुंग, दगड आणि साप यांखेरीज तिथे काही नव्हते. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. जमीन भिकार होती खरी, पण शेजारी रूळ होते. कोळसा आणि बिडाचे लोखंड रेल्वेने येणार आणि नांगर रेल्वेनेच जाणार. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. त्या भट्टीत गेल्या आणि त्यांचे नांगर झाले.

जागेची निवड म्हणजे नुसते क्षेत्रफळ नव्हे, हे यावरून बाईंना पटले. मग त्यांनी विचारले, "आणि दार?" शेडची एक बाजू उघडीच होती, तिथे किती रुंद दार बसवावे असा त्यांचा प्रश्न होता. त्यावर हेन्री फोर्डची फजिती सांगितल्यावाचून राहवत नाही. डेट्रॉइटमध्ये भाड्याच्या घरामागच्या विटांच्या शेडमध्ये फोर्डने रात्री जागून आपली पहिली मोटारगाडी बांधली. ४ जून १८९६ च्या पहाटे गाडी बाहेर काढायची वेळ आली, आणि तेव्हा लक्षात आले की ती दारातून जात नाही. शेवटी कुऱ्हाडीने विटा फोडून त्याने वाट केली. दार यंत्राच्या मापाने नव्हे, आत तयार होणाऱ्या वस्तूच्या मापाने करायचे असते. कॅलिफोर्नियातल्या ज्या मोटार-गॅरेजात ह्यूलेट आणि पॅकार्ड यांनी १९३८-३९ मध्ये सुरुवात केली, ते १२ फूट बाय १८ फुटांचे होते असे सांगतात. त्यांची वस्तू टेबलावर मावणारी होती, त्यामुळे भिंत फोडावी लागली नाही. खराडीची शेड त्यापेक्षा दोन फूट लांबच आहे.

आता दुसरी मुख्य गोष्ट, आणि ती खराडीच्या अगदी जवळची आहे. नगर रस्त्याने वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा ओलांडून शिक्रापूरला जायचे आणि डावीकडे आत वळायचे. शिरूर तालुक्यातले पाबळ लागते. इतिहासाच्या शिक्षकांना ते मस्तानीच्या कबरीमुळे माहीत असते. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते विज्ञान आश्रमासाठी लक्षात ठेवायला हवे.

डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग यांचा जन्म १९२८ चा. त्यांनी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात अन्न-तंत्रज्ञानात डॉक्टरेट केली, म्हैसूरच्या केंद्रीय संशोधन संस्थेत काम केले, आणि पुढे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या पदावर पोहोचले. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली आणि १९८३ मध्ये पत्नी मीराताईंसह पाबळला येऊन विज्ञान आश्रम सुरू केला. हे काम पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली झाले. ही संस्था जे. पी. नाईक यांची, आणि नाईक हे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. 'कार्यानुभव' हा विषय आपल्या वेळापत्रकात आला तो १९६४ ते १९६६ च्या याच आयोगाच्या शिफारशीतून. त्याआधी १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली होतीच. पण कार्यानुभवाचे आपण काय केले? कागदी फुले, शुभेच्छापत्रे आणि वर्षाअखेरचे प्रदर्शन. वस्तू तयार होत, पण त्या कुणाला नको असत.

कलबागांनी नेमके इथे बोट ठेवले. मुलांनी केलेले काम गावाला हवे असले पाहिजे, आणि गावाने त्याचे पैसे दिले पाहिजेत. पाबळच्या कर्मशाळेत मुले वेल्डिंग शिकत ती तुकड्यावर तुकडा जोडून नव्हे, तर कुणाचे तरी फाटक जोडून. आठवी ते दहावीसाठी त्यांनी जो अभ्यासक्रम बसवला त्याचे चार भाग होते: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. आठवड्यातला एक दिवस या कामाला. शिकवायला त्या परिसरातलेच कसबी लोक: गवंडी, वायरमन, फॅब्रिकेशनवाला. पुढे महाराष्ट्राच्या माध्यमिक शालान्त मंडळाने या अभ्यासक्रमाला पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली, आणि तो पाबळबाहेरच्या अनेक शाळांत गेला.

या व्यवस्थेचे आर्थिक अंग शिक्षकांनी नीट पाहावे. शाळेतली प्रयोगशाळा दरवर्षी सामान संपवते आणि दरवर्षी अनुदान मागते. गावाचे काम करणारी कर्मशाळा निदान वेल्डिंगच्या कांड्यांचे आणि पत्र्याचे पैसे परत मिळवते. त्याहून मोठा फायदा असा की काम बिघडले तर गिऱ्हाईक बोलते. फाटक वाकडे झाले तर गुण कमी होत नाहीत, फाटक लागत नाही. मोजमाप का महत्त्वाचे, हे समजावायला याहून चांगला परीक्षक कुठे मिळणार?

पाबळच्या इमारतीही पाहण्यासारख्या. आश्रमात राहण्यासाठी आणि कामासाठी घुमट बांधले गेले: लोखंडी सांगाड्याचे त्रिकोण जोडून केलेला गोलार्ध, त्यावर जाळी आणि सिमेंटचा गिलावा. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. हे भूमितीच्या तासाला आपण सांगतोच. घुमटात मोठी तुळई लागत नाही आणि मध्ये खांब येत नाही. अशा घुमटाचा एक साधा प्रकार मुलांकडून करून घ्या. त्याला ६५ काड्या लागतात, त्यांत दोनच लांब्या असतात, एकीच्या ३० आणि दुसरीच्या ३५. सांधे २६ आणि त्रिकोण ४० होतात. तळाची मोकळी बाजू धरून पृष्ठे ४१. आता ऑयलरचे सूत्र लावा: २६ वजा ६५ अधिक ४१, बरोबर २. ज्या वर्गाला हे सूत्र रुक्ष वाटते, त्या वर्गाला सरबताच्या नळ्यांचा घुमट करायला द्यावा. मात्र माझे एक व्यावहारिक मत सांगून ठेवतो. गोल भिंतीला सरळ फळी आणि सरळ बाक कधीच नीट बसत नाही. राहायला घुमट छान, पण हत्यारे टांगायला मला सपाट भिंतच बरी वाटते.

आश्रमाने जुन्या जीपचे भाग वापरून छोटा ट्रॅक्टरही केला आणि त्याला 'मेकबुल' म्हणजे यांत्रिक बैल असे नाव दिले. हे सगळे ऐकून, पाहून २००२ मध्ये अमेरिकेच्या मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने आपल्या आवाराबाहेरची पहिली 'फॅब लॅब' पाबळला सुरू केली. संगणकावर चित्र काढायचे आणि यंत्राने ते कापून द्यायचे, अशी ही नव्या युगाची कर्मशाळा. तिचे जगातले पहिलेच बिऱ्हाड बोस्टनहून निघाले ते शिरूर तालुक्यात उतरले, कारण तिथे वीस वर्षे लोक हाताने वस्तू करत आले होते. डॉ. कलबाग २००३ मध्ये गेले. आश्रमाचे काम त्यांच्या मागेही चालू राहिले.

२०१६ पासून नीती आयोगाने शाळांना 'अटल टिंकरिंग लॅब' देण्यास सुरुवात केली. तिच्यासाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद ठेवली गेली, आणि साधारण १,५०० चौरस फूट जागेची अट. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीला दहा 'दप्तराविना दिवस' सुचवले आहेत. हेतू चांगलाच आहे. पण खराडीच्या शेडचे क्षेत्रफळ भरते २४० चौरस फूट. या शाळेला ती प्रयोगशाळा मिळणार नव्हती, आणि थांबून राहण्यात अर्थ नव्हता.

म्हणून एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही शेडच्या जमिनीवर खडूने आराखडा काढला. बाई, आठवीतली सहा मुलेमुली, शिपाईमामा आणि मी.

पहिला प्रश्न बाकाच्या उंचीचा. कानस चालवताना व्हाइसचा जबडा कोपराच्या उंचीला हवा, नाहीतर पाठ वाकते आणि कानस डोलते. मुलांची उंची मोजली तर सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या मुलाच्या कोपरांत तब्बल सात इंचांचा फरक! बाक उंच मुलाच्या मापाने करायचे आणि बाकीच्यांसाठी लाकडी पाट ठेवायचे, असे ठरले. पाट कोण करणार? मुलेच. पहिले काम मिळाले.

दुसरा प्रश्न प्रकाशाचा. शेडची उघडी बाजू पश्चिमेला होती, म्हणजे दुपारचे ऊन थेट डोळ्यांवर. बाक उत्तरेच्या भिंतीला घेतले आणि त्या भिंतीच्या वरच्या भागातले दोन पत्रे काढून पारदर्शक पत्रे बसवायचे ठरले. "सर, सरळ ट्यूबलाइट लावू," शिपाईमामा म्हणाले. इथे एक धोका आहे आणि तो प्रत्येक शिक्षकाला माहीत हवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. लेथच्या तीन जबड्यांचा चक मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला सुमारे ३३.३ फेरे झाले, आणि एकाच जागेवरून सेकंदाला १०० जबडे जातात. म्हणजे दर उजेडाला जबडा त्याच जागी दिसतो. चक फिरतो आहे आणि डोळ्याला मात्र तो थांबल्यासारखा वाटतो. हात घालायला हीच वेळ पुरते. निकृष्ट एलईडी दिव्यांतही हा दोष असू शकतो. फिरत्या यंत्रावर दिवसाउजेडी काम करावे, आणि दिवा लावायचाच तर न लुकलुकणारा.

ग्राइंडर दाराकडे तोंड करून ठेवायचा नाही, कारण ठिणग्या येणाऱ्याच्या अंगावर जातील. वेल्डिंग शेडबाहेर, आडोशाला पत्रा लावून, कारण तो उजेड पाहणाऱ्या पहिलीच्या मुलांना काळी काच कोण देणार? अर्थिंग पक्के हवे. ते मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यायचे. तो काम करताना मुलांनी बघत उभे राहायचे, आणि त्याला प्रश्न विचारायची परवानगी आधीच घेऊन ठेवायची.

दाराची रुंदी ठरायला वेळ लागला. सर्वांत मोठी वस्तू कोणती आत येईल? एका मुलीने सांगितले, तिच्या वडिलांची भाजीची हातगाडी, तिचे एक चाक कायम डगमगते. शिपाईमामांनी दोरीने हातगाडी मोजून आणली आणि त्यात एक वीत मिळवून दाराची जागा खडूने पक्की केली.

खरेदीची यादी सर्वांत शेवटी झाली आणि ती एका पानात मावली: एक व्हाइस, चार कानशी, दोन हातोड्या, करवत, गुण्या, पान्यांचा एक संच, हातड्रिल. प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा भिंतीवरच्या फळीवर रंगाने काढायची, म्हणजे संध्याकाळी रिकामा आकार दिसला की काय राहिले ते मुलेच शोधतील. मुख्याध्यापकांनी एक गोष्ट लिहून दिली की वापरताना झिजलेल्या किंवा मोडलेल्या हत्याराची वसुली कुणाकडून होणार नाही. माझ्या मते त्या शेडमधली सर्वांत महत्त्वाची वस्तू तो कागद आहे. तो फ्रेम करून दाराशी लावला आहे.

पहिल्या पंधरवड्यात दुरुस्तीला तीन मोडके बाक, प्रयोगशाळेतला एक तिवई-स्टँड, भाजीची हातगाडी आणि शिपाईमामांची सायकल आली. सायकलीचे दात मुलांनी मोजले: पुढे ४४, मागे १८. पायडल एकदा फिरले की मागचे चाक किती वेळा फिरते, हे त्यांनी आधी मोजले आणि मग भागाकार केला. हातगाडीच्या चाकाला नवे बेअरिंग बसले. त्याचे पैसे भाजीवाल्यांनी दिले आणि वर एक जुडी कोथिंबीर. बाक मात्र अडकले आहेत. ते नादुरुस्त म्हणून रजिस्टरमधून कमी करायच्या यादीत होते. आता ते चांगले झाल्यामुळे त्यांची नोंद कोणत्या रकान्यात करायची, यावर कार्यालयात अजून विचार चालू आहे.